बिश्केकला निघालेल्या लेकासाठी

प्रश्न : मुलगा एमबीबीएससाठी किर्गिझस्तानात, बिश्केकला जातोय. तिथे विद्यार्थ्यांवर हल्ले झाले होते ना? जीव टांगणीला लागलाय. काय करू? – एक आई, लातूर

उत्तर : ताई, तुमची भीती खोटी नाही. मे २०२४ मध्ये तिथे जमाव परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत घुसला. भारतीय दूतावासाने मुलांना आतच थांबायला सांगितलं, चोवीस तासांचा फोन नंबर दिला. मी विद्यापीठात परदेशी जाणाऱ्या मुलांचं काम बघते. तेव्हा आईवडिलांचे फोन थांबत नव्हते. काहींना तर मुलाच्या वसतिगृहाचा पत्ताही माहीत नव्हता, सगळं एजंटाच्या भरवशावर! याचा मला आजही त्रास होतो.

म्हणून पोहोचल्याबरोबर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर त्याची नोंद करायला लावा. खोली बदलली की पत्ताही बदलायचा, हे मुलं हमखास विसरतात. दूतावासाचा नंबर मोबाइलमध्ये असतोच, पण कागदावरही हवा. पासपोर्ट एजंटाकडे ठेवू देऊ नका. व्हिसासाठी विद्यापीठाने घेतला तर पोच घ्यायची, झेरॉक्स तुमच्याकडे. आणि त्याच्या खोलीतल्या दोन मुलांच्या घरचे नंबर आजच मागून घ्या.