साखर टेबलाच्या खणात ठेव

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

चौथीच्या तुझ्या वर्गात टाइप 1 मधुमेहाचा मुलगा आलाय, म्हणून तू धास्तावली आहेस. आधी त्याच्या आईकडून एक कागद लिहून घे: इन्सुलिन कोणतं, किती वाजता, डॉक्टरांचा फोन, आणि रक्तातली साखर उतरली की ह्याचं नेमकं काय होतं. कुणाला घाम फुटतो, कुणी विनाकारण चिडतं, कुणी नुसतं फळ्याकडे बघत बसतं आणि बाई ओरडतात, 'लक्ष कुठंय?' तो कागद हजेरीपत्रकात चिकटव. तू रजेवर असलीस तरी तुझ्या जागी येणाऱ्याच्या हाती पडेल.

बरीच मुलं सकाळी दोन प्रकारचं इन्सुलिन एकत्र घेतात. त्यातलं सावकाश चालणारं इन्सुलिन नेमकं दुपारच्या सुमारास जोरात असतं आणि रक्तातली साखर उतरवतं. खिचडी अर्धा तास उशिरा आली तर बाकीची पोरं कुरकुरतात, हा थरथरायला लागतो. म्हणून मधल्या वेळचं खाणं त्याच्या कागदावरच्या वेळेला झालंच पाहिजे, मग गणिताचा तास चालू असला तरी.

ग्लुकोमीटरवर, म्हणजे रक्तातली साखर मोजायच्या यंत्रावर, 70च्या खाली आकडा दिसला की लगेच साखर. मीटर हाताशी नसेल तर नुसती शंका पुरे. मोठ्या मुलांना 15 ग्रॅम सांगतात, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे, अर्धा कप पाण्यात. लहानांना किलोमागे 0.3 ग्रॅम, म्हणजे 30 किलोच्या पोराला दोन चमचे पुरतात. 15 मिनिटांनी परत तपास. अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. आकडा वर आला आणि जेवणाला वेळ असेल तर पोळी किंवा बिस्किटं दे. सुरुवातीला चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

आणि त्या वेळी 'ऑफिसात जाऊन ये' असं चुकूनही म्हणू नकोस. मूल जिन्यात कोसळतं ते असंच. साखर तुझ्या टेबलाच्या खणात हवी, आणि खणाला कुलूप नको.

शुद्ध हरपली किंवा झटके आले तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळव आणि 108ला फोन लाव. घरच्यांनी साखर चढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन दिलं असेल तर ते कुणी आणि कसं द्यायचं, हे आधीच शिकून ठेवलेलं असावं.

तपासताना केळं खाल्लेलं बोट पुढे आलं तर आकडा खोटा चढतो. हात साबणाने धुवून, कोरडे करून, बोटाच्या टोकाला पण कडेने टोचायचं. मधोमध जास्त दुखतं.

साखर चढली की तहान आणि लघवी वाढते. तेव्हा बाटली आणि स्वच्छतागृह, दोन्हीला मोकळीक दे. सोबत पोटदुखी, उलट्या, खोल श्वास असेल तर ते अपचन समजू नकोस. घरी कळव आणि थेट दवाखाना.

खेळाच्या तासाआधी आकडा 90च्या खाली असेल तर आधी खाणं, मग मैदान. धावण्याचा परिणाम रात्रीपर्यंत रेंगाळतो, त्यामुळे क्रीडादिनाच्या दिवशी आईला सांगायला विसरू नकोस. परीक्षेतही खाऊ आणि पाणी बाकावर असू दे. सीबीएसईने 2017मध्येच बोर्डाच्या परीक्षेला तशी परवानगी दिली.

इन्सुलिनचं पेन उन्हात तापलेल्या दप्तरात राहिलं तर औषधाचा जोर जातो. एप्रिलमध्ये ते वर्गातल्या सर्वांत गार कोपऱ्यात असावं, पण बर्फाला चिकटलेलं नको.

संक्रांतीला सगळ्यांसारखा तिळगूळ त्यालाही दे. किती इन्सुलिन घ्यायचं ते घरचे बघतील, त्यांना फक्त एक फोन कर. 'गोड खाऊन झालंय' असं कुणी शिक्षक म्हणाले तर तिथल्या तिथे अडव. टाइप 1 गोड खाल्ल्याने होत नाही, आणि बाजूला बसल्याने तर मुळीच नाही.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत टाकायला लाव, आणि शिपाईमामांना ती बाटली दाखवून ठेव. कचऱ्यात हात त्यांचाच जातो.