आधी दिवस मोज, मग गाडी घे

अरे, तुझा रात्री दीडचा मेसेज वाचला. सुबारूची वेगवान सेडान डब्ल्यूआरएक्स घेऊ की टोयोटाची टॅकोमा (म्हणजे पिकअप), दोघींची एक्सेल शीट, आणि शेवटी "काका, पिकअप असला की काहीही करता येतं ना". ह्या "काहीही"पायीच मी 2009 मध्ये माझी 2002ची डब्ल्यूआरएक्स विकली नि पिकअप घेतला. 227 हॉर्सपॉवर, पाच गिअर, गिअरच्या नॉबचं लेदर माझ्या तळहाताने घासून गुळगुळीत झालेलं. घर नवीन होतं, धाकटी नुकतीच झाली होती, जो तो मोठी गाडी घे म्हणत होता, माझ्या जागी तू असतास तर तूही तेच केलं असतंस.

पण दिवस मोज. पहिल्या वर्षी माझ्या पिकअपचा बेड, म्हणजे मागचा सामानाचा हौदा, तीनदा भरला: बागेची माती, मित्राचा सोफा, मंडळाच्या गणपतीचं मखर. बाकी रोज डेन्वरचं ऑफिस नि घर, आणि मागे सहा फुटांचा रिकामा डबा. जानेवारीत मागच्या चाकांवर वजनच नाही म्हणून सिग्नल सुटल्यावर मागची बाजू सरळ शेजारच्या लेनमध्ये सरकली, तेव्हापासून हिवाळाभर वाळूची पोती टाकून फिरतो.

फोर व्हील ड्राइव्ह आहे की, म्हणशील. बहुतेक टॅकोमांत ती पार्ट-टाइम असते, लागेल तेव्हा नॉबने चालू करायची; पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या डांबरावर चालू ठेवली तर वळणावर गाडी अडखळते. डोंगरात जाणाऱ्या आय-70 हायवेवर बोगद्याच्या अलीकडे बर्फ, पलीकडे कोरडं, सावलीत परत बर्फ, किती वेळा नॉब फिरवशील? मॅन्युअल डब्ल्यूआरएक्सला मधलं डिफरन्शियल आहे, चारी चाकांना कायम ताकद जाते, तू नुसतं रस्त्याकडे बघायचं. शिवाय एवढ्या उंचीवरच्या विरळ हवेत तिचं 2.4 लिटरचं टर्बो इंजिन (हवा दाबून आत घेणारं) फारसा दम सोडत नाही (नव्या टॅकोमालाही टर्बो आहे, मान्य). बर्फाचे टायर मात्र वेगळे घ्यायचे, ह्यात वाद नको.

दर वीकेंडला युटामधल्या मोआबच्या खडकांत गाडी घालणार असशील, 6,000 पौंडांचा ट्रेलर ओढणार असशील तर टॅकोमाच घे, मी स्वतः येतो बरोबर. पण गेल्या वर्षी किती वेळा गेलास? एकदाही नाही ना? मग? कॅम्पिंगला जाईन, बोट घेईन, जाईन, घेईन, करीन! अरे जे दिवस खरंच गाडीत घालवतोस ते मोज ना.

मीही "मुलं मोठी झाली की एसटीआय (डब्ल्यूआरएक्सची जास्त ताकदीची बहीण) घेऊ" म्हणत बसलो, आणि 2021च्या मॉडेलनंतर ती बंदच झाली. धाकटी आता स्वतः गाडी शिकतेय, पोरीला मॅन्युअल शिकवायला घरात एक क्लच नाही, ह्याचं मला फार लागतं.

शनिवारी नऊला गोल्डनला ये. आधी माझा पिकअप घेऊन तिथल्या लुकआउट माउंटनचा घाट चढू उतरू, मग शोरूममधून डब्ल्यूआरएक्स घेऊन तोच रस्ता, दोन्ही वेळा तूच चालव. आणि शीटमध्ये "दिवस" असा कॉलम घालून, गेल्या वर्षाचे खरे आकडे भरूनच ये.