पीटी रोज होते, तरी पाच किलोमीटरला दम का लागतो

भाऊ, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. सैन्यातली रोजची पीटी चुकत नाही, नंतर संध्याकाळपर्यंत नाशिक रोडच्या ऑफिसात खुर्ची आणि कॉम्प्युटर, वय 34, बीपीईटीच्या (सैन्यातल्या शारीरिक क्षमता चाचणीच्या) पाच किलोमीटरला दम लागतोय आणि वजन जास्त असल्याचा शेरा बसलाय. मी तोफखान्यात क्लार्क होतो, आता देवळाली कॅम्पात राहतो. हे सगळं माझ्यावरूनही गेलंय.

भात कमी करा वगैरे तुम्हाला दहा जणांनी सांगितलंच असेल. माझ्या मते तुमचे प्रश्न दोन आहेत, आणि ते वेगळे धरा.

पळण्याचा दमसास हा जोर लावून केलेल्या व्यायामातून वाढतो. फॉल-इन, हजेरी, वॉर्म-अप वजा करा आणि बघा, पीटीत खरं पळणं किती उरतं. त्यातही टोळी सगळ्यांत मागच्याच्या वेगाने धावते. आठवड्यातून दोनदा गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर 400-400 मीटर जोरात पळा, मध्ये चाला. एकदम अंतर वाढवू नका, नडगी धरते आणि मग महिनाभर एक्सक्यूज (पीटीतून वैद्यकीय सूट) घेऊन बसावं लागतं.

पोट, शुगर, बीपी, कंबरदुखी हे मात्र बसण्याचं देणं आहे. लंडनच्या बसमधले दिवसभर बसणारे ड्रायव्हर आणि जिने चढणारे कंडक्टर यांची तुलना 1953 मध्येच झाली होती, हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त निघाला. 2016 मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली गेली. रोज 60 ते 75 मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांत बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका जवळपास दिसेनासा झाला, पण दिवसाला पाच तास टीव्हीसमोर बसणाऱ्यांत तो पुरता गेला नाही. म्हणून अर्ध्या तासाला उठा. फाइल शिपायाकरवी न मागवता स्वतः आणा, फोन उभं राहून घ्या.

आता ज्याने माझं सर्वांत जास्त नुकसान केलं ते सांगतो. माझी मेडिकल कॅटेगरी (तब्येतीची श्रेणी) तात्पुरती खाली गेली. फॉर्मवर उंची, वजन, बीपी, पीटीची हजेरी, सगळ्याला रकाना. दिवसाचे किती तास बसता, हे कुणी विचारलंच नाही. मी वजन आणि कंबर दोन्ही खाली आणली, पण रिव्ह्यूचे (फेरतपासणीचे) कागद एका कार्यालयात टेबलावर पडून राहिले. विचारायला गेलं की “पुढच्या आठवड्यात या.” तेवढ्यात केडरची (बढतीसाठीच्या कोर्सची) यादी लागली आणि माझं नाव राहिलं. आजही ते आठवलं की संताप होतो. माणूस मैदानावर घाम गाळतो आणि अडतो तो आवक-जावक रजिस्टरात! म्हणून कागद दिल्याच्या दिवशीच आवक नंबर घ्या, प्रत घरी ठेवा आणि तोंडी आश्वासनावर अजिबात थांबू नका.

मी डॉक्टर नाही, नियमही बदलत असतात. छातीत दुखलं, चक्कर आली, तर पळणं थांबवून आधी एमआय रूम (युनिटचा दवाखाना) गाठा.

रविवारी मुलांना घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, मांडीला चांगलं काम मिळतं. नंतर मिसळ खाल्लीत तरी हरकत नाही, फक्त पाव मोजून. घरी टेप ठेवा, आपल्याकडच्या पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या आत हवी.

रिव्ह्यूची तारीख कधीची आहे आणि कागद सध्या कुठे आहेत, तेवढं कळवा.