बुजरा, कच्चा घोडा आणि ‘सी’चा कोपरा

प्रश्न थोडक्यात असा: घोडा पाच वर्षांचा, पाठीवर स्वार घ्यायला लागून जेमतेम वर्ष झालेलं. एरवी शहाणा. पण ड्रेसाजच्या (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेच्या) 20×40 मीटरच्या अरीनात कडेने अक्षरं लावलेली असतात: ए आणि सी समोरासमोरच्या आखूड टोकांना, बी लांब बाजूच्या मध्यावर. तिथे लेफ्ट रेनवर, म्हणजे डावी बाजू आत ठेवून फिरताना, सीच्या टोकाला आलं, की परीक्षकांची केबिन आणि फुलांच्या कुंड्या बघून आत उडी मारतो, कधी गर्रकन वळतो. आता तर बी ओलांडतानाच तुमचे खांदे ताठ होतात. प्रशिक्षक म्हणतात, “जवळ ने, वास घेऊ दे.” आणि तुम्ही विचारताय, मन शांत कसं ठेवायचं.

मनाचं नंतर बघू. घोड्याला तुमचं मन दिसत नाही, त्याला तुमची मांडी, कंबर, कोपर आणि श्वास कळतो. शिवाय केबिन निरुपद्रवी आहे हे त्याला पटवून देण्याची जबाबदारी डोक्यावरून काढून टाका. तुम्ही दोनच गोष्टी सांभाळायच्या: चालीची लय आणि तुम्ही ठरवलेली रेषा. बाकी सगळं त्यातून येतं.

पण त्याआधी दुखणं नाही ना, हे तपासा. बुजणं अलीकडे वाढलं असेल किंवा कायम एकाच बाजूला असेल, तर पशुवैद्याकडून डोळे, दात, पाठ आणि पोटातले अल्सर बघून घ्या. या वयात पाठीचा आकार बदलत असतो. सहा महिन्यांपूर्वी नीट बसणारं खोगीर आज खांद्यावर दाबत असेल. चारा कोरड्या वजनात शरीराच्या निदान दीड टक्का हवा, म्हणजे 500 किलोच्या घोड्याला साडेसात किलो, आणि त्याहून जास्त असेल तर उत्तमच. धान्य भरपूर, चारा कमी आणि दिवसभर तबेल्यात बंद, असा घोडा कोपऱ्यात उडणारच. तिथे स्वारीचं कौशल्य फारसं कामाला येत नाही.

आता तो बघतो कसं, ते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. कपाळासमोर अगदी जवळची थोडी जागा आणि शेपटीमागची पट्टी तेवढी दिसत नाही. लांबचं नीट बघायला तो मान वर करतो. उजेडातून सावलीत गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून वाळूवर पडलेली केबिनची सावलीसुद्धा त्याला केबिनइतकीच संशयास्पद. अशा वेळी नाक छातीकडे ओढून घेतलं, तर त्याला पुढचं आणखी कमी दिसतं आणि भीती वाढते. कोपऱ्याकडे जाताना मान थोडी मोकळी आणि लांब राहू द्या. एका रेनवर सरावलेली कुंडी दुसऱ्या रेनवर त्याला नवी वाटू शकते, तेव्हा दोन्हीकडून वेगळा सराव हवा.

स्वाराच्या धास्तीचा परिणाम मोजलाही गेला आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात लोकांना सांगितलं होतं, की घोडा घेऊन चौथ्यांदा जाताना समोर छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, तरी त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही. तुमच्या बी ते सीमध्ये हेच चालू आहे.

म्हणून बी हे भीतीचं अक्षर न ठेवता कामाचं करा. बीला पोचलात की दर वेळी त्याच क्रमाने: श्वास पूर्ण बाहेर सोडा. नजर केबिनवरून काढून सीच्या पलीकडे, पुढे जायचं आहे त्या एचवर. गुडघ्याची पकड सोडा, वजन टाचेत जाऊ द्या. कोपर बरगडीजवळ पण सैल, मूठ मिटलेली, मनगट मऊ. बी ते एम 14 मीटर आहे, एमपासून कोपरा 6 मीटर. ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) एवढं सगळं करायला वेळ पुरतो. श्वास अडकतोय असं वाटलं तर मोठ्याने पावलं मोजा किंवा गुणगुणा. गुणगुणताना श्वास रोखून धरता येत नाही.

रिकीब नेहमीपेक्षा एक-दोन भोकं आखूड करा. लांब रिकिबीत रुबाब असतो, पण बाजूला उडी बसली की आधार राहत नाही. मानेच्या बुडाशी सैलसर नेक स्ट्रॅप बांधा आणि एक बोट त्यात अडकवून ठेवा. उडी मारली की तो पट्टा धरायचा, तोंड नाही. कोवळ्या पाठीवर खोलवर बसून रेटण्यापेक्षा रायझिंग ट्रॉट करा, म्हणजे दुडकीच्या लयीत खोगिरावरून उठत-बसत राहा.

एक चूक जवळपास प्रत्येक जण करतो. घोडा तापट आहे म्हणून पाय बाजूला काढून ठेवतात. मग गरज पडते तेव्हा पाय अचानक आदळतो आणि घोडा त्यालाच दचकतो. पोटऱ्या सतत हलक्या टेकलेल्या असू द्या, म्हणजे कोपऱ्यात पाय लावणं ही त्याच्यासाठी बातमी राहणार नाही.

कोपऱ्याचा सराव कोपऱ्यात सुरू करू नका. एच्या टोकाला 20 मीटरचं वर्तुळ घ्या आणि दोन-तीन फेऱ्यांनी ते साधारण दोन मीटर सीकडे सरकवा. कान केबिनकडे गेले, पण हाफ हॉल्टला (क्षणभर आवरून लगेच सोडण्याच्या इशाऱ्याला) उत्तर मिळतंय, ही काम करण्याची योग्य जागा. मान दगडासारखी, पावलं आखूड, श्वास अडकलेला आणि दोन्ही कान एकाच दिशेला खिळलेले, म्हणजे दोन मीटर जास्त आलात. लगेच वर्तुळ मागे घ्या. वाट बघितलीत तर पुढचा निर्णय घोडा घेईल. तीन-चार फेऱ्या सैल झाल्या की त्याच जागी वॉकवर (साध्या चालीवर) या आणि लगाम लांब सोडा. विश्रांती नेहमी सीच्या बाजूला द्यायची, मेहनत एच्या बाजूला. थोड्या दिवसांत सीकडे जायला तो स्वतःच राजी होऊ लागतो.

ट्रॅकवर आलात की पहिल्या दिवशी कडेचा ट्रॅक सोडा. तीन-चार मीटर आतून, पण सरळ आणि स्वच्छ रेषेत जा. आतली रेषा तुम्ही निवडलीत आणि टिकवलीत, तर तो विजय. कडेचा ट्रॅक भांडून मिळवलात, तर घोडा फक्त भांडण लक्षात ठेवतो. पुढे दर दिवशी अर्धा-एक मीटर बाहेर. बीनंतर हलकं शोल्डर फोर (खांदे किंचित आत घेऊन चालणं) मागा: डोकं डावीकडे, म्हणजे केबिनपासून दूर, इतकंच की आतल्या डोळ्याची कड दिसावी, आतला पाय तंगाजवळ (खोगिराच्या पोटपट्ट्याजवळ), बाहेरच्या लगामाने खांदा सांभाळलेला. तीस अंशांच्या शोल्डर इनचा (खांदे त्याहून जास्त आत घेण्याचा) हट्ट अजून नको, कच्च्या घोड्याचा तोल तेवढा नसतो. शोल्डर फोरही येत नसेल, तर आतल्या रेषेवरून एखाद्या मीटरचं लेग यील्ड (पायाच्या इशाऱ्यावर तिरकं सरकणं) बाहेर करा; तोच आतला पाय, तेच उत्तर.

घोडा आत ढकलायला लागला की हात आपोआप बाहेरचा लगाम ओढतो, “भिंतीकडे चल” म्हणून. परिणाम उलटा होतो: डोकं केबिनकडे वळतं आणि खांदा आणखी आत पडतो. आत पडणारा खांदा आतल्या पायाने थांबतो. पायाला उत्तर मिळालं की त्याच पावलावर पाय मऊ करा आणि आतला हात एका पावलापुरता पुढे द्या. दाब नेमका कधी सुटतो यावरून घोडा शिकतो. दोन सेकंदांनी सोडलेला दाब त्याला काहीच सांगत नाही.

“जवळ ने, वास घेऊ दे” याबद्दल माझं मत: पाठीवर बसून, समोरासमोर, मागून रेटत कधीच नाही. समोर अडवलेल्या घोड्याकडे उरतात दोनच वाटा, मागे किंवा वर. वास घ्यायचा तर जमिनीवरून. आधी लगाम हातात धरून चार उत्तरं पक्की करा: थांब, मागे हो, पुढे ये, पुठ्ठा (मागचा भाग) सरकव. मग मदतनिसाने कुंडी उचलून घोड्यापासून दूर चालत जावं आणि घोड्याने तिच्या मागे यावं. पळून जाणाऱ्या वस्तूचा तो धसका घेत नाही, उलट कुतूहलाने पाठलाग करतो. ताडपत्री, छत्री, झेंडे यांनाही हीच युक्ती. लंजिंग (लांब दोरीवर गोल फिरवणं) करायचं तर दहा-पंधरा मिनिटं, वर्तुळ मोठं, आणि उद्देश ऐकायला लावण्याचा. दमवण्यासाठी रोज लंज केलेला घोडा महिन्याभरात तितकाच बुजरा आणि दुप्पट दमदार होतो.

तरी उडालाच, तर? श्वास सोडा, बोट पट्ट्यात, आणि जिथे चाललो होतो तिथेच, त्याच लयीत पुढे. चाबूक नाही. प्राचीन ग्रीक लेखक झेनोफोनने सुमारे 2,400 वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, की बुजलेल्या घोड्याला मारलं तर तो दुखण्याचा दोष समोरच्या वस्तूला देतो. डावीकडे गर्रकन फिरला, तर फिरकी पूर्ण होऊ देऊ नका. उजवा लगाम बाहेर उघडा, ज्या बाजूने वळला त्याच बाजूने परत आणा, आणि वॉकमध्ये पुन्हा आतल्या रेषेवर. उधळला, तर दोन्ही हातांनी सलग ओढून त्याला टेकायला आधार देऊ नका. एक हात मानेवर रोवा, दुसऱ्याने घ्या-सोडा, घ्या-सोडा, आणि जागा असेल तर मोठं वर्तुळ हळूहळू लहान करत आणा. वेगात असताना डोकं एकदम गुडघ्याकडे ओढलं, तर पाय अडकून दोघंही पडाल. सावरल्यावर थापटण्यापेक्षा आयाळीच्या बुडाशी खाजवा. तिथे खाजवल्याने हृदयाचे ठोके खरोखर उतरतात.

पूर्ण स्वारी 30-40 मिनिटं, त्यातलं सीचं काम दहा मिनिटांच्या आत. हेल्मेट तर हवंच, सध्या बॉडी प्रोटेक्टरही घाला, आणि अरीनात एकटे राहू नका. वादळी वाऱ्याच्या दिवशी सीचं काम रद्द करून वॉक-हॉल्ट-वॉक (चालणं, थांबणं, चालणं) करा, दर आठ-दहा पावलांनी बदल. तुमचेच पाय थरथरायला लागले तर उतरा. त्यात कमीपणा नाही. फक्त हॉल्ट मिळवून, घोडा उभा असताना उतरा.

स्पर्धेत घंटेआधी अरीनाभोवती फिरायला मिळतं, तेव्हा दोन्ही रेनवर केबिनसमोरून जा आणि आतल्यांना नमस्कार म्हणा. आतून माणसाचा आवाज आला की बरेच घोडे ती पेटी माणसांची आहे असं समजून सैल पडतात. घंटेनंतर एपाशी आत यायला ठरावीक सेकंद असतात. त्यातलं शेवटचं वळण शांत वॉकमध्ये घेतलं तरी चालतं. आत बुजलाच, तर त्या हालचालीचे गुण जातील. पुढच्या हालचालीला परीक्षक पुन्हा दहापैकी गुण द्यायला मोकळे असतात. मात्र टेस्टमध्ये (स्पर्धेतल्या हालचालींच्या ठरलेल्या क्रमात) आवाज काढला की गुण कापले जातात. म्हणून घरी गुणगुणून जमायला लागलं की निदान पंधरा दिवस आधी तेच नुसत्या उच्छ्वासावर करायला लागा.