ओळख आधी, छायाचित्र नंतर

प्रश्न : मी मिरजेत राहतो आणि आठ वर्षे लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. आता आमच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांची व्यक्तिचित्रे काढावीत, पाहणाऱ्याला त्या माणसाचे आयुष्य जाणवावे, अशी फार इच्छा आहे. परंतु कॅमेरा समोर धरला की माणसे ताठ बसतात आणि सगळे चेहरे सारखेच येतात. त्यासाठी ८५ मिमीची लेन्स घ्यावी काय?
– एक वाचक, मिरज

उत्तर : लेन्स तूर्त घेऊ नका. लग्नाच्या कामासाठी तुमच्याकडे ५० मिमी असेलच. कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असेल तर ३५ मिमीनेही जवळपास तेवढाच आवाका मिळतो. ८५ मिमीची नजर अरुंद असते, म्हणून ती तुम्हाला माणसापासून दोन पावले मागे नेईल आणि गल्लीतल्या अरुंद दुकानात तेवढी जागाही मिळणार नाही. शिवाय चेहऱ्यामागचे सारे धूसर झाले, तर टांगलेले भोपळे, तून लाकडाच्या दांड्या आणि भिंतीवरचा वडिलांचा फोटो, म्हणजे जे तुम्हाला सांगायचे आहे तेच, चित्रातून निघून जाईल.

ताठ बसण्याला मी दोष म्हणत नाही. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या लेखी फोटो हा मानाचा प्रसंग असतो. तासगावकडच्या एका शेतावर हळद काढणीच्या दिवसांत मी एका आजींचा फोटो काढला, तेव्हा त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, हात पदराखाली झाकले आणि श्वास रोखून समोर पाहिले. प्रिंट नेऊन दिली, तेव्हा ती बराच वेळ न्याहाळून त्या म्हणाल्या, “ही मीच हाय, पण मी अशी कुठं बसते?” त्या वाक्याने माझे काम बदलले. पुढचे तीन दिवस मी कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि त्यांच्याजवळ बसून गड्ड्यांपासून हळकुंडे मोडू लागलो. चौथ्या दिवशी काढलेल्या चित्रात त्यांची नखे मुळापर्यंत पिवळी आहेत, पदर खांद्यावर घसरला आहे आणि त्या सुनेला काहीतरी सांगत आहेत. ते चित्र त्यांनी देवघराशेजारी लावले.

तुमच्या गल्लीत हे अधिक सोपे आहे, कारण तिथे कान देऊन करण्याचे काम चालते. कारागीर जवारी काढतो, म्हणजे तारेचा नाद जुळवतो, तेव्हा तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर कानस हलकेच फिरवतो, तार छेडतो आणि मान कलती करून ऐकतो. पुन्हा घासतो, पुन्हा ऐकतो. त्या ऐकण्याच्या क्षणी त्याचे डोळे उघडे असूनही कशाकडेच पाहत नसतात आणि समोर तुम्ही आहात याचा त्याला पूर्ण विसर पडलेला असतो. मात्र तो क्षण केव्हा येतो हे कळायला आधी दोन-चार वेळा नुसते बसून पाहावे लागते, म्हणून पहिल्या भेटीत “काका, हे कसं करता?” एवढेच विचारा.

प्रकाशाचे थोडक्यात सांगतो. ट्यूबलाइट बंद करण्याची परवानगी घ्या, कारण तिचा प्रकाश आणि दारातून येणारा प्रकाश एकत्र आले की त्वचेचा रंग बिघडतो. दार त्यांच्या बाजूला येईल असे बसा, डोळ्यांच्या उंचीवर या, फ्लॅश वापरू नका. लेन्सचे छिद्र एफ/४ आणि शटरचा वेग सेकंदाचा १/१२५ भाग यांवर सुरुवात करून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, निःसंकोच वाढवा; थोडा कणीदारपणा चालेल, हललेला हात चालणार नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट नावाची आहे. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचा सॅन फ्रान्सिस्कोत व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ होता. मंदीच्या काळात त्या बाहेर पडल्या आणि १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाटाणा-मजुरांच्या तळावर त्यांनी एका आईचे, मुलांसह, जगप्रसिद्ध झालेले छायाचित्र काढले. आपण तिचे नावही विचारले नाही, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले आहे. ती बाई म्हणजे फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला १९७८ मध्ये कळले आणि त्या चित्राविषयी तिच्या मनात खंत होती. चित्र थोर आहे यात मला शंका नाही, तरीही ती खंत मला त्या थोरवीइतकीच खरी वाटते. म्हणून कारागिराचे नाव तो सांगेल तसे वहीत लिहा, काम कोणाकडून शिकला हे विचारा आणि चित्र कुठे छापायचे असेल तर त्या वेळी पुन्हा परवानगी घ्या.

लग्नाची कामे सोडू नका. घर त्यांवर चालते. हंगाम नसताना आठवड्यातला एक दिवस एकाच दुकानाला द्या आणि वर्षभर एकाच माणसाकडे जात राहा. प्रत्येक वेळी मागच्या भेटीची प्रिंट बरोबर असू द्या, आणि ती पाहून ते जे बोलतील तेही वहीत टिपा, कारण पुढचे चित्र बहुधा त्यातूनच सुचते. प्रिंट मॅट कागदावर काढा आणि दोन प्रती न्या: लाखेच्या पॉलिशचे हात पहिल्या प्रतीला लागणारच, दुसरी त्यांना घरी नेता येईल.