फिटच्या गोळीनं मेंदू मंद होतो का?

"मॅडम, ही गोळी त्याचा मेंदूच बधिर करतेय. परीक्षेपुरती निम्मी केली तर?" धायरीहून आलेल्या आईचा प्रश्न. मुलगा आठवीत. कार्बामाझेपिन सीआर 200 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. दोन महिन्यांत फिट नाही. पण वर्गात पेंगतो, फळ्यावरची अक्षरं दोन-दोन दिसतात.

गोळी सरसकट सगळा मेंदू झोपवते, अशी समजूत घरोघरी असते. तसं नाही. मेंदूच्या पेशीतून संदेश जाताना तिच्या आवरणातली सोडियमची दारं क्षणभर उघडतात, मिटतात आणि काही मिलिसेकंद कडी घातल्यासारखी बंद राहतात. फिटमध्ये पेशींचा एक गट दम न घेता एकाच वेळी संदेश सोडत सुटतो. कार्बामाझेपिन या मिटलेल्या दारांना चिकटतं, कडी निघायला उशीर होतो. जिथं उघडमीट फार, तिथं त्याची पकड जास्त. पाढे आठवणाऱ्या पेशीवर बरीच कमी. पण रक्तातलं प्रमाण चढलं, की तोल आणि नजर सांभाळणाऱ्या पेशीही मंदावतात.

या मुलाच्या रक्तात ते प्रमाण का चढत होतं? आठवडाभर वहीत वेळा लिहायला सांगितल्या. त्रास गोळीनंतर दीड-दोन तासांनी, दुपारी गायब. गोळी देता कशी?

"गिळता येत नाही हो त्याला. कुटून मधात चाटवते."

तिथंच घोळ होता. सीआर म्हणजे कंट्रोल्ड रिलीज: या गोळीतलं औषध हळूहळू झिरपायला हवं. कुटली की ते भराभर रक्तात उतरतं: आधी गुंगी, नंतर पुढच्या डोसपर्यंत तुटवडा. त्यात गोळी परस्पर निम्मी केली असती, तर फिट परतू शकली असती, कदाचित एकामागून एक. मधाचा हट्ट मात्र मायेपोटीच होता.

डॉक्टरांशी बोलून कुटणं बंद केलं. डोस तोच ठेवला. या गोळीवर मधोमध रेघ होती, त्यामुळे दोन तुकडे करून, न चावता, लागोपाठ गिळायची मुभा मिळाली. गिळायचा सराव आधी शिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्यावर केला. सिरपही मिळतं, पण ते दिवसातून जास्त वेळा द्यावं लागतं आणि शाळेतला डोस हमखास चुकतो.

आईच्या वहीत आणखी तीन गोष्टी लिहून दिल्या. डोस चुकला तर आठवताच द्यायचा. पुढची वेळ जवळ आली असेल तर दुप्पट नाही. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. सर्दी-खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांगायचं, कारण एरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकनं तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

पंधरा दिवसांनी वहीतला 'पेंग' हा रकाना जवळजवळ कोरा होता.