प्रॉडक्ट डिझाइनला जायचंय, पण चित्रकला साधारण आहे आणि घरचे मेकॅनिकल कर म्हणतात. काय करू?

तू लिहिलंयस की बारावी सायन्सला आहेस, प्रॉडक्ट डिझाइन आवडतं, पण चित्रकला जेमतेम. वडिलांना मेकॅनिकल बरं वाटतं, आणि प्रॉडक्ट डिझाइनच्या चार वर्षांत नक्की काय शिकवतात हे कुणी धड सांगत नाही. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अरे-तुरे करते.

मी कोल्हापूरची. वडिलांचं उद्यमनगरात, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथचं छोटं वर्कशॉप. पुण्यातल्या एका खासगी संस्थेतून प्रॉडक्ट डिझाइनमध्ये बी.डेस. ही डिझाइनची पदवी घेतली आणि गेली अकरा वर्षं घरगुती वस्तूंवर काम करते.

चित्रकलेची भीती आधी काढून टाक. तिथे निसर्गचित्र लागत नाही. पहिल्या वर्षी आम्ही रोज पानंच्या पानं लंबगोल काढायचो, कारण पेल्याचं तोंड, बादलीचा काठ, कुकरचं झाकण, काहीही गोल तिरकं पाहिलं की लंबगोल दिसतं. दोन-तीन महिन्यांत हात बसतो. माझ्या वर्गात एलिमेंटरी-इंटरमीजिएटला ए ग्रेड मिळवलेली मुलं होती आणि ज्यांनी सातवीनंतर ब्रश धरला नव्हता अशीही होती. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कोण कुठलं ते ओळखू येत नव्हतं. वेळ लागतो तो बघायला शिकण्यात.

बघणं म्हणजे काय, ते एका वस्तूवरून सांगते. मतदान यंत्र तू पाहिलं असशील. त्याचं रूप आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी घडवलं. मतदार आडोशामागे एकटा असतो, मदतीला कुणी जाऊ शकत नाही, त्याला वाचता येत असेलच असं नाही, आणि आपलं मत पडलं की नाही हे कळल्याशिवाय तो हलणार नाही. म्हणून नाव आणि चिन्ह यांच्या रांगेतच निळं बटण, दाबलं की शेजारी लाल दिवा, आणि बाहेर बसलेल्या कर्मचाऱ्यांनाही ऐकू जाईल असा लांब आवाज. कोट्यवधी लोक ते शिकवणीशिवाय वापरतात. हे काम प्रॉडक्ट डिझायनरचं.

आता चार वर्षं. पहिलं वर्ष पायाचं: रेखाटन, भूमिती, रंग, आकार, आणि कागद, माती, प्लास्टर, लाकूड, फोम यांत हात घालणं. पुढे मानवी शरीराची मापं, वस्तू बनवायचं साहित्य आणि उत्पादनपद्धती, संगणकावर थ्रीडी मॉडेल, लोकांच्या घरी जाऊन निरीक्षण. पण खरं शिक्षण होतं प्रोजेक्टमध्ये आणि त्यानंतरच्या ज्युरीत. पाच-सहा जण समोर बसतात आणि महिनाभराच्या कामाला प्रश्न विचारतात.

तिसऱ्या वर्षी मी विळी घेतली होती. आजीला खाली बसवत नव्हतं, आणि विळीशिवाय तिला भाजी चिरता येत नव्हती. सुरी तिच्या हातात बसायचीच नाही. मी ठरवलं, ओट्याला घट्ट बसणारी विळी करायची. संगणकावर ती फार सुंदर दिसत होती. मग फोम आणि एमडीएफ (भुसा दाबून केलेली फळी) यांचं मॉडेल करून ते घरी नेलं आणि तासाभरात सगळं कोसळलं. आमच्या ओट्याच्या ग्रॅनाइटची कड गोलाई दिलेली होती, त्यावर शिकंजा धरेना. तो कसाबसा बसवला, तर आईचे खांदे वर चढले. टेप घेऊन मोजलं: ओटा ३३ इंच, त्यावर पातं ८ इंच, एकूण ४१. आईचं कोपर जमिनीपासून ३८ इंचांवर. म्हणजे दुधी चिरायला तिला हात कोपराच्या वर उचलून जोर द्यावा लागत होता. ही तीन मापं मी पहिल्या दिवशी घ्यायला हवी होती. त्यात आजी म्हणाली, "उभारून पाय दुखत्यात, खाली बसून गुडघं. मग मी बसू कुठं ते सांग."

मी तिला उभं करायला निघाले होते, आणि तिला बसायचंच होतं, फक्त जरा उंचावर. मग मी जमिनीवरच्या विळीकडे पुन्हा नीट पाहिलं. पाटावर पाय किंवा गुडघा दाबलेला असतो, म्हणून विळी हलत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. माणसाचं वजन हाच त्या वस्तूचा शिकंजा आहे, आणि तोच मी काढून टाकला होता. शेवटी दीड फूट उंचीचं एक बाकडं केलं: मागे बसायची जागा, त्याच फळीच्या पुढच्या टोकाला पातं. बसलं की आपल्याच वजनाने विळी स्थिर. ज्युरीत दाखवायला माझ्याकडे चकचकीत चित्रं फारशी नव्हती, पण आजीने तीन आठवडे वापरून डाग पाडलेलं मॉडेल होतं. आजी आता नाही. बाकडं आहे, आई वापरते.

वडिलांच्या म्हणण्याबद्दल. मेकॅनिकल आणि हे क्षेत्र एकमेकांचे शत्रू नाहीत. साच्यातून प्लास्टिकचा भाग सुटून यावा म्हणून त्याच्या उभ्या भिंतींना एखाद-दोन अंशांचा उतार देतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. हे मी कॉलेजात शिकून सुट्टीत मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "फौंड्रीत लाकडी पॅटर्नला टेपर देतोच की आपण, नाहीतर पॅटर्न उचलताना वाळू ढासळते." त्या दिवसापासून माझे निम्मे प्रश्न मी उद्यमनगरात सोडवले. तुझ्या वडिलांचा ओढा यंत्रांकडे असेल तर त्यांना या शिक्षणातलं वर्कशॉप दाखव, त्यांचं मत बदलू शकतं.

आणि समजा त्यांनी ऐकलंच नाही, तर मेकॅनिकल करूनही दार उघडं राहतं. पदवीनंतर सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, करता येतं. पवईच्या आयआयटी मुंबईतलं आयडीसी डिझायनर सुधाकर नाडकर्णींच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सुरू झालं. तिथे बारावीनंतरचा बी.डेस. अगदी अलीकडे, २०१५ पासून आहे. त्याआधीची कितीतरी वर्षं तिथे पदवी झालेलेच, त्यात बरेच इंजिनिअर आणि आर्किटेक्ट, डिझाइन शिकायला येत होते.

बारावीनंतर थेट जायचं तर आयआयटींसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा, आणि अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी त्यांची वेगळी परीक्षा. यूसीड जानेवारीत असते आणि कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. त्यात ३०० पैकी २०० गुण संगणकावरच्या प्रश्नांना आणि १०० चित्र व डिझाइनच्या भागाला. पहिल्या भागात टिकलात तरच दुसरा तपासतात, त्यामुळे चित्राच्या धास्तीने गणित-तर्काकडे दुर्लक्ष करू नकोस. सराव म्हणून घरातला लायटर, पक्कड, कुकरचं हँडल घे, आणि ते हातात धरलेला माणूस काढ. नुसती वस्तू काढणं सोपं आहे, तिला धरलेली बोटं अवघड. सरकारी संस्थांत जागा थोड्या आहेत. खासगीत फी वर्षाला काही लाख होते, हा आकडा घरी आधीच मोकळेपणाने बोला. माझ्या घरी तो उशिरा बोलला गेला आणि बाबांना एक मशीन विकावं लागलं.

नोकरीचं एक सांगून ठेवते. हल्ली जाहिरातीत 'प्रॉडक्ट डिझायनर' लिहिलेलं असलं, तर बहुतेक वेळा त्यांना मोबाइल ॲप डिझाइन करणारा हवा असतो. माझ्या वर्गातले बरेच जण तिकडे गेले, पगारही तिकडे जास्त मिळतो. मिक्सर, खुर्ची, वैद्यकीय उपकरणं करायची असतील तर 'इंडस्ट्रियल डिझायनर' या नावाने शोध. पुण्याच्या आसपास कारखाने, साचे बनवणाऱ्या टूलरूम आणि डिझाइन स्टुडिओ असल्याने मला तरी कामाची वाण पडली नाही.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा ते तुला संगणकांची लॅब आणि प्रदर्शनातलं काम दाखवतील. ते बघ, पण मग वर्कशॉप उघडायला सांग. लेथखाली चुरा पडलाय का, कानशी झिजल्यात का, विद्यार्थ्यांना संध्याकाळी सहानंतर आत जाता येतं का, तिथे पूर्णवेळ मिस्त्री आहे का, हे विचार. पहिल्या वर्षाचा कुणी भेटला तर त्याला विचार, गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने काय बनवलंस? तो ते आणून दाखवायला हॉस्टेलकडे पळाला, तर फॉर्म भर.